कुडाचे शहाणपण

मोजकेच सामान ठेवायचे आणि जुन्या लाकडाला नवे रूप द्यायचे, ही शहरांतील सुखवस्तू घरांची आजची हौस आहे. डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर मात्र ती पूर्वापार रीत. कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचे लिंपण, एक चूल, एक कणगी; घर मोडले तरी त्याचे खांब-वासे नव्या घरात उपयोगी पडतात.

या रीतीचे मोल नोव्हेंबर २०१८ पासून अधिक जाणवू लागले. धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले, घरांच्या भिंतींना तडे गेले, लोकांना तंबूंत रात्री काढाव्या लागल्या. हलका कूड हादऱ्याबरोबर लवतो. आधाराविना रचलेली जड वीट ढासळते, हे स्थापत्याचे साधे तत्त्व आहे.

म्हणून आदिवासींनी कुडातच राहावे काय? मुळीच नाही. वाळवी, आग व दरवर्षीचे लिंपण ज्यांना सोसावे लागत नाही, त्यांनी साधेपणाचे गोडवे गाऊ नयेत. पक्क्या घराचा हक्क निर्विवाद आहे. परंतु घरकुल योजनेत स्थानिक साहित्याला असलेला वाव केवळ कागदावर राहू नये. पाया पक्का, भिंती हलक्या आणि जुने सागवान पुन्हा वापरात, अशी घरे येथे शासनानेच उभारून दाखवावीत.