तोंड कोणाचं, ते आधी सांगा
शब्दांतर : लेखांक सहावा

२०२५च्या मार्चमध्ये दक्षिण स्लोव्हाकियात, हंगेरीच्या सीमेलगतच्या गोठ्यांत गुरांची साथ शिरली. १९७३नंतर त्या देशाने हा रोग पाहिला नव्हता. कळपच्या कळप मारावे लागले. इंग्रजी बातम्यांत रोगाचं नाव ‘फूट अँड माउथ’ असं झळकत होतं. स्लोव्हाक बातम्यांत मात्र ना पाय होता, ना तोंड. तिथे या रोगाला म्हणतात ‘स्लिंताच्का अ क्रीवाच्का’. पहिल्या शब्दात लाळ आहे, दुसऱ्यात लंगडणं. इंग्रजांनी रोग शरीरात कुठे होतो ते नोंदवलं, तर स्लोव्हाक शेतकऱ्याने गोठ्याच्या दारात उभं राहून जे दिसलं ते सांगितलं. आपलं ‘लाळ्या-खुरकूत’ बरोबर मधोमध बसतं. त्यातली लाळ स्लोव्हाकांसारखी आणि खूर इंग्रजांसारखा.

या लेखमालेत आपण शरीराचे शब्द भाषेच्या सीमा कसे ओलांडतात ते पाहतो आहोत. इंग्रजीतून स्लोव्हाकमध्ये जाताना ‘माउथ’ सगळ्यात जास्त अडतं, असं माझं मत आहे. कारण इंग्रजी ‘माउथ’ माणसाला, कुत्र्याला, माशाला, नदीला, बाटलीला आणि गुहेलाही बिनदिक्कत लागतं. स्लोव्हाक भाषा आधी विचारते, तोंड कोणाचं? आणि पाठोपाठ विचारते, तुम्ही रागात आहात का?

शब्दकोशात ‘माउथ’समोर पहिला शब्द येतो तो ‘ऊस्ता’. हा सभ्य, माणसाचा, डॉक्टरच्या खोलीतला शब्द. तो कायम बहुवचनात चालतो. माणूस एक, तोंड एक, तरी व्याकरणाच्या हिशेबी ती ‘तोंडं’. आपल्याकडे एकट्या माणसाचेही ‘हाल’ अनेकवचनीच होतात, त्यातला प्रकार. म्हणजे इंग्रजीतलं ‘त्याचं तोंड उघडं होतं’ हे वाक्य नेताना क्रियापदापासून विशेषणापर्यंत सगळं हलवावं लागतं. शिवाय ‘त्याचं’ गाळावं लागतं. तोंड उघडलं म्हटल्यावर ते स्वतःचंच असणार, हे स्लोव्हाक माणसाला सांगावं लागत नाही. मराठीतही दाताचा डॉक्टर ‘तोंड उघडा’ एवढंच म्हणतो. इंग्रजीतलं प्रत्येक ‘हिज’ आणि ‘हर’ इमानाने उतरवणारा अनुवादक पहिल्या पानावरच ओळखू येतो.

जाता जाता एक नातं सांगायला हवं. ‘ऊस्ता’ आणि संस्कृत ‘ओष्ठ’ हे एकाच जुन्या मुळाचे. तिकडे त्या मुळातून अख्खं तोंड झालं, इकडे फक्त ओठ उरला. स्लोव्हाक दाताचं नाव ‘झुब’, आणि तो वेदातल्या ‘जम्भ’चा, म्हणजे दात-जबड्याच्या शब्दाचा भाऊबंद. मग स्लोव्हाक ओठाला काय म्हणतात? ‘पेरा’. इथे सांभाळायचं, कारण शेवटचा स्वर बदलून ‘पेरो’ झालं की त्याचं पीस किंवा लिहायचं पेन होतं.

आता ऊस्ता सोडून खाली उतरू. खरी मजा तळमजल्यावर आहे. ‘त्लामा’ म्हणजे हिंस्र जनावराचा जबडा. ‘झोबाक’ म्हणजे चोच. ‘पापुल्या’ म्हणजे कुत्र्या-मांजराचं तोंड. आणि ‘हुबा’ म्हणजे माणसाचंच तोंड, पण राग आला असताना. जनावराचे हे शब्द माणसाला लावले की ती शिवी होते, आणि इंग्रजीत एकट्या ‘माउथ’वर भागणारं वाक्य स्लोव्हाकमध्ये कोणत्या पायरीवर ठेवायचं हे अनुवादकाला ठरवावं लागतं. मराठी वाचकाला हे सांगायला फार शब्द लागू नयेत. तोंड, थोबाड, मुस्काट, चोच ही आपली उतरंड जवळजवळ तशीच आहे. ‘पापुल्या’वर मारणं म्हणजे आपलं थोबाडीत देणंच. इंग्रजी ‘स्लॅप इन द फेस’मध्ये ती चव नाही, तिथे चेहरा तेवढा आहे.

पण याच ‘पापुल्या’ला लाडाचा प्रत्यय लावून ‘पापुल्का’ केलं की बाळाचं गोड तोंड होतं, आई त्याचा मुका घेते. शिवी आणि लाड यांत एका प्रत्ययाचं अंतर. आपल्याला थोबाडाचं असं काही करता येत नाही, ‘थोबाडुली’ म्हणून पाहा.

‘हुबा’चं आणखी एक प्रकरण आहे. त्याच शब्दाचा दुसरा, अगदी साळसूद अर्थ आहे अळंबी. स्लोव्हाकियात अळंबी गोळा करायला जंगलात जाणं हा घराघरातला छंद आहे, आणि जाणाऱ्याला ‘हुबार’ म्हणतात. त्यामुळे ‘द्रझ हुबु’ म्हणजे शब्दशः ‘अळंबी धर’ असंही होऊ शकतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘थोबाड बंद ठेव’ हा एवढाच. सुरी-टोपली घेतलेल्या माणसाने म्हटलं तरीही.

सिनेमाची उपशीर्षकं करणाऱ्यांची कसोटी इथेच लागते. इंग्रजी पात्र ‘शट अप’ म्हणतं. ते आई म्हणते का गुंड? आई असेल तर ‘बुद्य तिखो’, म्हणजे शांत राहा. भाऊ असेल तर ‘चुश’, आपलं ‘गप रे’. गुंड असेल तर वरची अळंबी. आणि एखादी मैत्रीण दुसरीची लग्नाची बातमी ऐकून आनंदाने ‘शट अप!’ म्हणून ओरडली तर? तिथे स्लोव्हाक म्हणतात ‘नेहोवोर!’ शब्दशः अर्थ ‘बोलू नकोस’, भाव मात्र ‘काय सांगतेस!’ म्हणजे दोन्ही भाषांना आश्चर्य व्यक्त करताना समोरच्याला गप्प करावंसं वाटलं, आणि मराठीला त्याच क्षणी अजून ऐकावंसं वाटलं. मला तरी आपली बाजू अधिक माणुसकीची वाटते.

वाक्प्रचारांकडे आलं की तोंड पुष्कळदा गायबच होतं. भेट मिळालेल्या घोड्याचं तोंड पाहू नये, असं इंग्रजी म्हणते. स्लोव्हाक म्हणतात, त्याच्या दातांकडे पाहू नये. घोड्याचं वय दातांवरून कळतं, तेव्हा पाहायचं ते दातच. इंग्रजांनी उगाच सगळं तोंड आणलं. मराठीत घोडा जाऊन गाय आली, पण दात राहिले. ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय?’ फरक इतकाच की स्लोव्हाक उपदेश करतात, आपण टोमणा मारतो.

घोड्याची दुसरी गंमत अशी, की पक्की बातमी इंग्रजीत ‘घोड्याच्या तोंडून’ मिळते. हा शर्यतीच्या मैदानावरचा विनोद, आतली खबर देणाऱ्या माणसापेक्षाही जवळचा म्हणजे खुद्द घोडा. स्लोव्हाकमध्ये ती ‘पहिल्या हाताकडून’ येते. चमचमीत पाहून इंग्रजाच्या तोंडाला पाणी सुटतं, आपल्याही सुटतं. स्लोव्हाकांच्या लाळा ‘एकत्र धावत येतात’. पुन्हा लाळ. हे लोक गोठ्यात आणि जेवणाच्या टेबलावर सारख्याच स्पष्टपणे पाहतात. इंग्रजीत खिन्न माणूस ‘तोंडात खाली’ जातो, ओठांचे कोपरे पडलेले असतात म्हणून. स्लोव्हाक माणसाची मान लोंबते.

जिथे तोंड जसंच्या तसं पोचतं, तिथे बहुधा वाटेत जर्मन उभी असते. ‘हातातून तोंडात’ जगणं, म्हणजे आपलं हातावर पोट असणं, हे इंग्रजी, जर्मन आणि स्लोव्हाक तिन्हींत एकाच घडणीचं आहे. शतकानुशतकं व्हिएन्ना आणि बुडापेस्टच्या छायेत राहिलेल्या भाषेत यात नवल नाही. स्लोव्हाकचं आजचं प्रमाण रूप ल्युदोविट श्टूर आणि त्याच्या सोबत्यांनी १८४३मध्ये मध्य स्लोव्हाकियातल्या बोलीवर उभं करायचं ठरवलं. त्याआधी लिहायची भाषा दुसरी आणि बोलायची दुसरी असा कारभार होता. आदोल्फ पेतर झातुरेत्स्की या पाद्र्याने लोकांच्या म्हणी-वाक्प्रचारांचा जाडजूड संग्रह केला, तो १८९६मध्ये प्रसिद्ध झाला. या भाषेची म्हणींची शिदोरी कुठून आली ते त्यावरून कळतं. ती शेतातून, अंगणातून, गुरांमागून आली. इंग्रजी क्लबातला ‘स्टिफ अपर लिप’, न थरथरणारा वरचा ओठ, तिथे नेऊन काय करणार? स्लोव्हाक माणूस दात आवळतो आणि कामाला लागतो.

उलट्या दिशेने येतानाही एक वाक्प्रचार हटकून अडतो, आणि तो मला फार आवडतो. सडेतोड बोलणारा माणूस ‘तोंडापुढे रुमाल धरत नाही’. हा रुमाल म्हणजे जेवणाच्या टेबलावरचा, ‘सेर्वीत्का’. इंग्रजीत नेताना त्याचं ‘शब्दांचा खिमा न करणं’ होतं. अर्थ पोचतो, पण टेबलावरची ती शिष्टाचाराची घडी हरवते. मराठीत आपण ‘भीडभाड न ठेवता’ म्हणू. ‘तोंडावर सांगितलं’ असंही म्हणू, पण तिथे मराठी माणसाने जपावं. आपलं ‘तोंडावर’ इंग्रजीत ‘फेस’वर जातं आणि स्लोव्हाकमध्ये ‘डोळ्यांत’. स्लोव्हाक माणूस तुम्हाला खरं ते डोळ्यांत सांगतो. ते सरळ ‘ऊस्ता’वर नेलंत, तर ऐकणाऱ्याला तुम्ही चुंबनाबद्दल बोलताय असं वाटण्याचा धोका आहे.

बाटलीचं आणि नदीचं थोडक्यात. बाटलीला स्लोव्हाकमध्ये तोंड नसतं, घसा असतो. नदीला असतं, आणि त्याचा शब्द ‘ऊस्तिए’ थेट ‘ऊस्ता’वरून घडला आहे. देशाला समुद्र नाही, त्यामुळे तिथल्या नद्यांची मुखं दुसऱ्या नद्यांतच उघडतात. मोरावा डेव्हीनच्या किल्ल्याखाली डॅन्यूबला मिळते ते तसंच. ‘ऊस्ताव’ म्हणजे संस्था आणि ‘ऊस्तावा’ म्हणजे राज्यघटना, हे शब्द मात्र दिसायला सख्खे असले तरी तोंडाचे कोणी लागत नाहीत.

आता सुरुवातीच्या रोगाशी जोडलेला एक इंग्रजी विनोद, जो अनुवादकांची झोप उडवतो. भलतंच बोलून अडचणीत येणं म्हणजे इंग्रजीत ‘स्वतःचा पाय तोंडात घालणं’. म्हणून सतत असं बोलणाऱ्या पुढाऱ्याला ‘फूट इन माउथ’ रोग झाला, असं म्हणतात. स्लोव्हाकमध्ये रोगाच्या नावात पाय-तोंड नाही, आणि चूक करणं म्हणजे ‘बोकडाला गोळी घालणं’. हेही जर्मनमध्ये जसंच्या तसं आहे. कोटी तिथे मोडून पडते. तरीही एक वाट दिसते. हा रोग फाटक्या खुरांच्या सगळ्या जनावरांना होतो, शेळ्या-बोकडांनाही. तेव्हा मंत्रिमहोदयांनी पुन्हा एकदा बोकड मारला, आणि तोही स्लिंताच्का झालेला, असं लिहिता येईल. मूळ विनोदातला एकही अवयव त्यात उरत नाही. पण ब्रातिस्लाव्हातला वाचक हसेल, आणि पाय-तोंड जपून ठेवलेल्या वाक्यावर तो हसणार नाही. मी असतो तर बोकडच निवडला असता.

पुढच्या आठवड्यात थोडं वर सरकून नाक. तिथे धोका वेगळा आहे. ‘नाकाला धरून नेणं’ इंग्रजीत आहे, स्लोव्हाकमध्येही आहे, शब्द जुळतात, आणि अर्थ जुळत नाही. इंग्रज त्याने मुठीत ठेवतो, स्लोव्हाक त्याने फसवतो.