आवडत्या नटाला भेटायचं तिकीट



नट गावात आला की काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. दहीहंडीला, सोन्याच्या दुकानाच्या उद्घाटनाला, एखाद्या पुढाऱ्याच्या हळदीकुंकवाला मालिकेतली सून येते. दहा मिनिटं व्यासपीठावर उभी राहते, हात हलवते, मालिकेतलं एखादं वाक्य म्हणून दाखवते आणि गाडीत बसून निघून जाते. मागे उभ्या असलेल्या बाईला तिच्या साडीचा रंगसुद्धा धड दिसत नाही. तिला सुपारी देऊन आणलेलं असतं. आणणारा वेगळा, आणि रोज रात्री तिच्यासाठी टीव्हीसमोर बसणाऱ्या बायका वेगळ्या.

आज आम्ही बोलणार आहोत ते याच्या उलट प्रकाराबद्दल. तिथे नटाला बोलावणारे चाहतेच असायचे. इंग्रजीत त्याला फॅन कन्व्हेन्शन म्हणतात. आपण चाहत्यांचं संमेलन म्हणू. मुंबईत कॉमिक कॉन भरतं आणि कॉलेजात जाणाऱ्या मुली तिकडे जायचा हट्ट धरतात, तेही याच घरातलं. भारतात ते २०११ साली दिल्लीतून सुरू झालं. पण मूळ घर अमेरिकेत आहे, आणि त्या घराच्या चुलीशी बायकाच होत्या. म्हणून हा विषय आम्ही निवडला.

संमेलन म्हणजे दोन-तीन दिवसांची जत्राच समजा. मोठ्या हॉटेलात नाहीतर प्रदर्शनाच्या मैदानात भरते. पुस्तकांची, खेळण्यांची, चित्रांची दुकानं लागतात. आपल्याकडे शिमग्याला सोंगं घेतात तसे लोक आवडत्या पात्राचा वेश करून येतात. एका मोठ्या सभागृहात नट-नट्या येऊन बसतात, आणि समोरचे लोक माइकवर त्यांना प्रश्न विचारतात.

आता याची सुरुवात कशी झाली ते सांगतो. अमेरिकेच्या टीव्हीवर ८ सप्टेंबर १९६६ रोजी ‘स्टार ट्रेक’ नावाची मालिका सुरू झाली. अंतराळात फिरणाऱ्या एका यानाची आणि त्यावरच्या माणसांची गोष्ट. यानावर वेगवेगळ्या देशांचे, रंगांचे लोक एकत्र काम करतात, हे त्या काळी नवलच होतं. पण वाहिनीला हवे तेवढे प्रेक्षक मिळेनात. दुसरं वर्ष चालू असतानाच मालिका बंद होणार अशी कुणकुण लागली. तेव्हा कॅलिफोर्नियातल्या बीजो ट्रिंबल नावाच्या बाईंनी आणि त्यांच्या नवऱ्यानं पत्रमोहीम काढली. युक्ती साधी होती. प्रत्येकानं स्वतः पत्र लिहायचं, शिवाय आणखी दहा जणांना लिहायला सांगायचं, आणि त्या दहांनी आपापल्या दहांना. आपण गटाची बैठक ठरली की निरोप असाच तर फिरवतो. पत्रांचा असा लोंढा लागला की मार्च १९६८ मध्ये वाहिनीला टीव्हीवरूनच जाहीर करावं लागलं, मालिका पुढे चालणार आहे. त्यामुळे तिसरं वर्ष मिळालं. मग १९६९ साली ७९ भागांवर मालिका थांबलीच.

थांबली, पण मेली नाही. गावोगावच्या टीव्ही केंद्रांवर जुने भाग पुन्हा पुन्हा दाखवले जाऊ लागले आणि पहिल्यापेक्षा जास्त लोक बघू लागले. त्यांतल्या काही जणींनी न्यूयॉर्कमध्ये ठरवलं, आपण एकत्र भेटू या. डेव्हरा लँगसॅम या ग्रंथालयात काम करणाऱ्या. त्यांनी १९६७ सालीच एका मैत्रिणीबरोबर या मालिकेवर छोटं मासिक काढलं होतं, हौसेनं, पदरमोड करून. जोन विन्स्टन या टीव्ही कंपनीत नोकरीला. एलिस पाइन्स आणखी एक. मंडळात पुरुषही होते, पण कामाचा मोठा भार या बायकांनी उचलला. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात तीन दिवसांचं संमेलन ठेवलं. काही शे लोक येतील असा अंदाज होता. तीन हजारांहून जास्त आले! मालिकेचे कर्ते जीन रॉडनबेरी आले, मालिकेत नर्सचं काम करणाऱ्या त्यांच्या पत्नी मॅजेल बॅरेट आल्या, आयझॅक असिमॉव्हसारखे विज्ञानलेखक आले, आणि अमेरिकेची अवकाश संस्था नासा हिनं प्रदर्शनासाठी सामान पाठवलं. पुढच्या वर्षी जेम्स डूहान आणि जॉर्ज टकेई हे मालिकेतले नटही आले.

पन्नासेक वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आता हिशोब बदलला आहे, आणि तो उघडपणे सांगायला हवा.

आज बहुतेक मोठी संमेलनं कंपन्या भरवतात. आत जायचं तिकीट वेगळं. नटाची सही हवी तर त्याचे पैसे वेगळे. शेजारी उभं राहून फोटो काढायचा तर त्याचे आणखी वेगळे. नट जेवढा मोठा तेवढा दर चढा. पन्नास डॉलरपासून काही शे डॉलरपर्यंत. फोटोच्या रांगेत दोन तास उभं राहायचं, आणि नटाजवळ मिळतात मोजून काही सेकंद. पुढे व्हा, हसा, झालं, पुढचे या. देवळात मोठ्या यात्रेला दर्शन घेताना पुजारी जसा खांद्याला धरून पुढे सरकवतो ना, तसंच.

नटाची बाजूही ऐका. संमेलनवाले आणि नट यांच्यात बहुधा असं ठरतं की अमुक एक रक्कम नक्की मिळणार. सह्या-फोटोंतून तेवढे पैसे जमले नाहीत तर उरलेले संमेलनवाल्यांनी भरायचे, जास्त जमले तर नटाचा फायदा. सगळे नट काही श्रीमंत नसतात. त्या जुन्या काळच्या करारांत मालिका पुन्हा दाखवली तर ठराविक वेळांपुरतेच पैसे मिळत. पुढे ती शंभर वेळा दाखवली तरी नटाच्या हाती काही नाही. चेहरा घराघरांत, आणि काम कुठेच नाही. आपल्याकडच्या तमाशाच्या फडातल्या म्हाताऱ्या कलावंतांचे हाल आपल्याला ठाऊक आहेत. अशा नटांना चाहत्यांच्या संमेलनांनी चार पैसे मिळवून दिले. तेव्हा सहीला पैसे मागितले म्हणून नटाला लोभी म्हणू नये, असं आमचं मत आहे. दर आधी लिहून लावलेला असावा, एवढंच.

पण पैसे देऊन मिळतात ते ते काही सेकंद. त्यापलीकडे जे घडतं त्याला दर नाही. जेम्स डूहान यांचीच गोष्ट घ्या. मालिकेत ते यानाच्या इंजिनाचे कारागीर होते. १९९७ साली चाहत्यांवर ‘ट्रेकीज’ नावाचा माहितीपट निघाला, त्यात त्यांनी स्वतः ही हकिगत सांगितली आहे. एका तरुणीचं त्यांना पत्र आलं. ती जीव द्यायच्या विचारात होती. डूहान यांनी तिला फोन केला आणि सांगितलं, अमुक गावी माझं संमेलन आहे, तिथे तू मला दिसायला हवीस. ती आली. अवस्था फार वाईट होती. त्यांनी तिला पुढच्या संमेलनाचं गाव सांगितलं, मग त्याच्या पुढच्या. दोन-तीन वर्षं ती येत राहिली. दर वेळी ते तिच्याशी चांगलं बोलायचे, बस्स, दुसरं काही नाही. मग ती दिसेनाशी झाली. कित्येक वर्षांनी पत्र आलं: मी इलेक्ट्रॉनिक इंजिनिअरिंगची पदव्युत्तर पदवी घेतली, तुमचे आभार. हे सांगताना त्या नटाचा गळा भरून आला होता.

या हकिगतीत आम्हाला नटाच्या मोठेपणाइतकंच दुसरंही काही दिसतं. पुढच्या महिन्यात कुठेतरी जायचं आहे, तिथे कुणीतरी आपली वाट बघतंय, एवढ्याचा माणसाला किती आधार होतो! गटाच्या बैठकीला यायची बंद झालेली बाई आठवून बघा.

त्याच मालिकेत निशेल निकोल्स नावाच्या कृष्णवर्णीय नटी होत्या. यानावर संदेशवहन सांभाळणारी अधिकारी हे त्यांचं काम. अमेरिकेत तेव्हा टीव्हीवर काळ्या बाईला बहुतेक मोलकरणीचं काम मिळे, त्यामुळे हे काम मोठं. तरी पहिलं वर्ष संपताना मालिका सोडून नाटकाकडे जायचं त्यांनी ठरवलं होतं. एका निधी-संकलनाच्या कार्यक्रमात त्यांना निरोप आला, तुमच्या एका चाहत्याला तुम्हाला भेटायचं आहे. त्या वळून बघतात तर समोर मार्टिन ल्यूथर किंग! काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारे, गांधीजींचा मार्ग मानणारे तेच. त्यांनी सांगितलं, ही मालिका आम्ही मुलांना जागू देऊन दाखवतो. तुम्ही सोडू नका, तुम्हाला बघून लोकांना कळतं की आपण कुठे असू शकतो. त्या थांबल्या. ही आठवण त्या आयुष्यभर संमेलनांतून सांगत राहिल्या.

पुढे १९७५ साली शिकागोच्या एका संमेलनात नासाच्या एका शास्त्रज्ञाचं भाषण त्यांनी ऐकलं. त्यांना प्रश्न पडला, या अवकाशवीरांत आमच्यासारखी माणसं का नाहीत? १९७७ मध्ये नासानं त्यांच्याकडेच काम सोपवलं, बायकांना आणि काळ्या लोकांना अर्ज करायला सांगा. त्या देशभर फिरल्या. १९७८ साली नासानं ३५ जण निवडले, त्यांत सहा बायका होत्या. सॅली राइड त्यांतलीच. १९८३ मध्ये ती अवकाशात जाणारी पहिली अमेरिकन स्त्री झाली. १९९२ साली मे जेमिसन अवकाशात गेल्या, पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. लहानपणी टीव्हीवर निकोल्सना बघून आपल्याला हुरूप आला, असं त्यांनी सांगितलं आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘स्टार ट्रेक’च्या नव्या मालिकेत छोटं कामही केलं. नटीला बघून मुलगी अवकाशात गेली आणि तिथून परत मालिकेत आली!

आता आपल्या इथलं एक बजावून सांगायचं आहे. नटाला भेटायची ओढ खरी असते, आणि तिच्यावर डोळा ठेवून बसलेले लोकही खरे असतात. “तुमची निवड झाली आहे, नोंदणीचे पैसे भरा, अमुक नट तुमच्या घरी येईल,” असे फोन आणि व्हॉट्सॲपचे निरोप येतात. फ्रान्समध्ये एका बाईला कुणीतरी ‘मी हॉलिवूडचा नट ब्रॅड पिट’ असं म्हणून बनावट फोटो पाठवले आणि तिच्याकडून ८ लाख ३० हजार युरो उकळले, म्हणजे आपले सात कोटींच्या वर. हे २०२५ च्या जानेवारीत उघडकीला आलं. त्या बाईला हसू नका. एकटं पडलेलं माणूस गोड बोलण्याला भुलतं. खऱ्या संमेलनाचं तिकीट आपण जाऊन काढतो, नट आपल्याला फोन करून पैसे मागत नाही. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवून धरण्याची शक्यता जास्त.

मुलगी अशा ठिकाणी जायची म्हणाली तर एकदम नाही म्हणू नका. बरोबर मैत्रीण असावी, परतीच्या गाडीची वेळ ठरलेली असावी. वेश करून आलेल्या मुलींना हात लावणं, न विचारता फोटो काढणं हे प्रकार तिकडेही होत. म्हणून न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनमध्ये मोठ्या पाट्या लावल्या गेल्या: वेश केला म्हणजे परवानगी दिली असं नव्हे. मुलीला हे माहीत असू द्या, आणि मुलालाही.

आणि प्रश्न घरूनच लिहून न्या. नट समोर आला की भल्याभल्यांची दातखीळ बसते, मग “तुम्हाला जेवायला काय आवडतं?” एवढंच सुचतं. त्याचं उत्तर त्यांनी हजारदा दिलेलं असतं. मालिकेतली सून तुमच्या गावात आली आणि माइक तुमच्या हाती आला, तर तिला तिच्या कामाचं विचारा. दिवसाला किती तास उभं राहावं लागतं, मूल लहान असताना ते कुणी सांभाळलं, कामाचे पैसे किती महिन्यांनी हातात पडतात. त्याआधी आपलं नाव आणि गटाचं नाव सांगायला विसरू नका.