एका मोठ्या मूळ संख्येची कसोटी

ज्या संख्येस १ आणि ती स्वतः यांवांचून दुसऱ्या कोणत्याही संख्येनें निःशेष भाग जात नाहीं, तिला मूळ संख्या म्हणतात, हें विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. ३१ ही मूळ आहे, हें कोणीही तोंडीं सांगूं शकेल. परंतु पुढील संख्येविषयीं कोणी पृच्छा केल्यास काय करावें?

१७०,१४१,१८३,४६०,४६९,२३१,७३१,६८७,३०३,७१५,८८४,१०५,७२७

२ च्या १२७ व्या घातांतून १ वजा केला म्हणजे ही ३९ अंकी संख्या येते. कोणत्या घातांकांपासून अशा रीतीनें मूळ संख्या निघतात, त्यांची एक यादी मर्सेन नांवाच्या फ्रेंच धर्मगुरूनें इ. स. १६४४ मध्यें प्रसिद्ध केली. तींत १२७ होता. परंतु यादीस सिद्धता जोडलेली नव्हती, आणि तींतील कांहीं घातांक पुढें चुकीचे ठरले. उदाहरणार्थ, ६७ या घातांकाच्या संख्येचे १९३७०७७२१ व ७६१८३८२५७२८७ हे अवयव अमेरिकन गणिती कोल यांनीं १९०३ सालीं दाखविले. मग १२७ वर तरी विश्वास कां ठेवावा?

भागून पाहणें येथें व्यर्थ होय. दर सेकंदास एका विषम संख्येनें भागीत गेल्यास वीस हजार कोटी वर्षांहून अधिक काळ लागेल! सुदैवानें याहून सुगम मार्ग आहे. आरंभीं ४ घ्यावे. त्यांचा वर्ग करून २ वजा करावे, उत्तरास परीक्ष्य संख्येनें भागावें आणि बाकी ठेवावी. त्या बाकीवर पुनः तीच क्रिया करावी. पायऱ्या घातांकाहून दोन कमी असाव्यात. शेवटीं बाकी शून्य उरल्यास संख्या मूळ, नाहीं तर संयुक्त.

३१ म्हणजे २ चा ५ वा घात उणे १. म्हणून पायऱ्या ३. पहिलींत १६ उणे २, म्हणजे १४. दुसरींत १९६ उणे २, म्हणजे १९४. ३१ नें भागून बाकी ८. तिसरींत ६४ उणे २, म्हणजे ६२, बाकी शून्य. २०४७ स मात्र अशी शून्य बाकी येत नाहीं. कारण ती २३ व ८९ यांचा गुणाकार आहे.

आपल्या ३९ अंकी संख्येस १२५ पायऱ्या पुरतात. ल्युका या फ्रेंच गणितीनें अशाच कसोटीनें, केवळ हातानें आंकडेमोड करून, १८७६ सालीं ती मूळ असल्याचें सिद्ध केलें. लेहमर यांनीं १९३० मध्यें कसोटीस वरील सुलभ रूप दिलें. १९५१ पर्यंत हिच्याहून मोठी मूळ संख्या कोणास ज्ञात नव्हती. २०२४ सालीं सांपडलेली चार कोटींहून अधिक अंकांची मूळ संख्याही गणकयंत्रावर याच कसोटीस उतरली.

मर्सेनचें म्हणणें १२७ पुरतें खरें होतें. परंतु तें सिद्ध होण्यास २३२ वर्षें लागलीं. उत्तराबरोबर रीतही लिहावी, असा गुरुजनांचा आग्रह कां असतो, तें यावरून ध्यानीं येईल. २ च्या ७ व्या घातांतून १ वजा केल्यास १२७ हीच संख्या येते. तिला ही कसोटी विद्यार्थ्यांनीं घरीं अवश्य लावून पाहावी.