संगणकावरील खंडणी : रॅन्समवेअर

खंडणीसाठी माणसाला पळवून नेल्याच्या बातम्या आपण वाचतो. रॅन्समवेअरमध्ये ओलीस धरली जाते ती माहिती. शाळेचे प्रवेश, फी, गुणपत्रके, दाखले हे सारे आता संगणकावर असल्याने हा विषय विद्यार्थी, पालक व विश्वस्त या सर्वांनी समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

हा प्रोग्राम बहुधा ईमेलला जोडलेल्या फाईलमधून शिरतो. कधी सोप्या पासवर्डमुळे, तर कधी जुन्या सॉफ्टवेअरमधील त्रुटीतून. आत शिरल्यावर तो सर्व फाईलींना सांकेतिक कुलूप लावतो. किल्ली हल्लेखोराकडेच असते, आणि तिच्यासाठी पैशांची मागणी पडद्यावर झळकते. काही टोळ्या आधी माहिती चोरून ती उघड करण्याची धमकीही देतात.

१२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक अडवले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या रद्द झाल्या. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिच्यावरील अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. अनेकांनी ते बसवलेच नव्हते.

त्याच वर्षी २७ जूनला ‘नॉटपेट्या’ने डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीला गाठले. मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातील तिच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. येथे पैसे भरूनही फाईली परत मिळणार नव्हत्या, कारण मुळात तो प्रोग्राम विध्वंसासाठीच होता. कंपनीच्या जाळ्यातील खात्यांची मुख्य नोंद वाचली ती फक्त आफ्रिकेतील घाना येथे. तेथे वीज गेल्याने तो सर्व्हर त्या वेळी जाळ्याबाहेर होता!

यावरून संस्थांनी काय करावे?

१. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती ठेवाव्यात. त्यांतील एक संगणकापासून वेगळी, दुसऱ्या जागी असावी.
२. अपडेट आले की लगेच बसवावे.
३. प्रत्येकाचा पासवर्ड स्वतंत्र असावा, आणि कामापुरतेच अधिकार द्यावेत.
४. अनपेक्षित फाईल उघडण्यापूर्वी पाठवणाऱ्यास फोन करून खात्री करावी.

हल्ला झालाच तर तो संगणक ताबडतोब जाळ्यापासून तोडावा व पोलिसांच्या सायबर शाखेस कळवावे. पैसे दिल्याने फाईली मिळतीलच, याची हमी नसते.

विश्वस्तांना आमची एक विनंती आहे. दर सत्राअखेर कार्यालयास दोन प्रश्न विचारावेत : शेवटची प्रत कधी घेतली? आणि ती उघडते का, हे पाहिले का?