तीन जानेवारीचे दोन फोटो

डिसेंबर लागला की हिंगणीत कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, तुमच्या मिशनच्या शाळेत यंदा कसला देखावा?" मी काही ख्रिस्ती नाही. पण सगळी नोकरी वर्धा जिल्ह्यातल्या एका मिशनच्या शाळेत गेली, म्हणून गावाच्या लेखी चर्चचीही माहितगार मीच. नाताळाची गव्हाणी, तारे, केक याबद्दल मी हौसेने सांगते. तरी त्या शाळेतला माझा सर्वांत आवडता सण ३ जानेवारीचा.

त्या दिवशी सावित्रीबाई फुले यांची जयंती. चर्चमध्ये त्याच तारखेला संत चावरा यांचा सण असतो. कुरियाकोस एलियास चावरा हे केरळचे धर्मगुरू. ते ३ जानेवारी १८७१ रोजी वारले. कॅथलिक रिवाजात संताचा सण बहुधा मृत्यूच्या तारखेलाच येतो. सावित्रीबाई १८३१ च्या, आणि त्याच वर्षी चावरांनी दोन ज्येष्ठ धर्मगुरूंच्या सोबतीने मान्नानम इथे संन्यस्त धर्मगुरूंचा संघ उभा केला. त्यालाच आज सीएमआय म्हणतात.

केरळचा हा संघ वर्ध्याकडे आला तो १९६२ मध्ये चांदा मिशनचं काम त्याच्याकडे सोपवलं गेलं तेव्हा. वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे आज सिरो-मलबार परंपरेच्या चांदा धर्मप्रांतात येतात. संत थॉमसशी नातं सांगणारी ही केरळातली जुनी ख्रिस्ती परंपरा पोपना मानते, पण तिची उपासनेची पद्धत स्वतःची आहे. मल्याळी फादर नवे असताना अडखळत मराठी बोलतात, एखाद-दोन पावसाळे गेले की तेच पोरांना दटावतात, "काहून रे, काल आला नाही शाळेत?"

चर्चच्या भिंतीला लागून शाळा का, याचंही उत्तर चावरांपाशीच सापडतं. व्हिकार जनरल, म्हणजे बिशपच्या वतीने कारभार पाहणारे धर्मगुरू असताना, १८६४ मध्ये, त्यांनी प्रत्येक चर्चने शाळा काढावी असा आदेश दिला होता. त्याआधी १८४६ मध्ये मान्नानमला त्यांनी संस्कृत शाळा सुरू केली आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांनाही तिचं दार उघडलं. दोनच वर्षांनी पुण्यात भिडेवाड्यात फुले दांपत्याची मुलींची शाळा भरली. वर्गात हे शिकवताना मी फळ्यावर दोन्ही सालं शेजारी शेजारी लिहीत असे.

गरीब मुलांना दुपारचं जेवण मिळावं म्हणून चावरांनी 'पिडियरी'ची रीत घालून दिली. घरच्या बाईने स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ बाजूला काढायचे. वर्धेकरांना हे चटकन समजतं. पवनारच्या विनोबांचं सर्वोदय-पात्र हीच गोष्ट सांगत होतं, फक्त तिथे मूठ लहान मुलाची असायची.

३ जानेवारीला सकाळी चर्चमध्ये मिस्सा होई. कॅथलिक घरं थोडी, त्यामुळे बरीच बाकं रिकामी. मग शाळेच्या पटांगणात सावित्रीबाई आणि चावरा यांचे दोन फोटो एका टेबलावर मांडायचे, दोन्हींना झेंडूचे सारखे हार. मुली नऊवारी नेसून, आडवी चिरी लावून येत. प्रत्येक मूल घरून मूठभर धान्य आणी. पाचवीतली एक मुलगी पिशवी न घेता खरोखरच मुठीतून तांदूळ घेऊन आली होती. सांडू नयेत म्हणून दुसऱ्या हाताची ओंजळ खाली धरलेली. फाटकापासून टेबलापर्यंत ती पाऊल मोजून टाकत होती, आणि मागची रांग न कुरकुरता थांबली होती.

सिस्टर आणि मुलांच्या आया खाली बसून धान्य निवडत. ज्वारी वेगळी काढून गिरणीत जाई, डाळ-तांदळाची गंजभर खिचडी शिजे. निवडणाऱ्यांत हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती सगळ्या असत. नाताळाला पाहुणे येतात, फोटो निघतात. या दिवशी बाहेरचं कुणी फिरकत नसे. मला मात्र चर्च आणि शाळा यांचं नातं इथेच सर्वांत पक्कं दिसलं. जानेवारी म्हणजे कापूस वेचणीचे दिवस. या बाया अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून यायच्या, पोरांना वाढायच्या, स्वतः चार घास खाऊन पदर खोचून पुन्हा वावराकडे निघायच्या.