एम.डी.एस., पण कशात?

नाशिकच्या कॉलेज रोडवर, गंगापूर रोडवर दाताच्या दवाखान्यांच्या पाट्या एकापाठोपाठ एक लागतात. डॉक्टरांच्या नावापुढे कुठे बी.डी.एस., कुठे एम.डी.एस. असं लिहिलेलं असतं. मुलाचा खालचा जबडा वरच्याच्या पुढे निघून गेलेला असतो, किंवा मुलीची हनुवटी दरवर्षी थोडी थोडी एका बाजूला सरकत असते. मग आईवडील यातल्याच एखाद्या पाटीखाली येऊन उभे राहतात. ‘तारेनं होईल, की ऑपरेशन करावं लागेल?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. ऑपरेशन कुणाकडून करून घ्यायचं, हा प्रश्न त्याहून अवघड असतो, आणि तो बहुतेक जण विचारतच नाहीत.

तार दात हलवते, जबडा नाही. वाढीच्या वयात काही उपकरणांनी हाडाला थोडं वळण देता येतं. वाढ थांबली की हाड आहे तिथेच राहतं. पुढचे दात एकमेकांना टेकत नसतील, तर भाकरीचा तुकडा दातांनी तोडता येत नाही, हातानं तोडून दाढेत सारावा लागतो. जबडा फार मागे असेल तर झोपेत श्वासाची वाट अडू शकते. अशा ऑपरेशनला ‘लग्नासाठी चेहरा नीट करून घेणं’ म्हणतात, हे मला अन्यायाचं वाटतं. नीट चावता येणं, नीट श्वास घेता येणं ही काही हौस नव्हे.

या शस्त्रक्रियेचा एक धागा विलक्षण ठिकाणी जातो. फ्रान्समधल्या रेने ल फोर यांनी मृतदेहांच्या डोक्यांवर वेगवेगळ्या दिशांनी आघात केले आणि हाडं कुठे तडकली ते उघडून पाहिलं. १९०१ साली त्यांनी दाखवलं, की चेहरा वाटेल तसा फुटत नाही. त्याच्या कमकुवत रेषा ठरलेल्या आहेत. त्यातली सर्वांत खालची रेषा वरच्या दातांच्या मुळांवरून, नाकाच्या तळाशी आडवी जाते. अपघातात हाड जिथे मोडतं, साधारण तिथेच आज सर्जन मोजून काप घेतो, वरचा जबडा सुटा करतो आणि हवा तिथे बसवतो. असा सुटा केलेला जबडा जिवंत कसा राहतो? टाळूच्या आणि आजूबाजूच्या मऊ ऊतींमधून त्याला रक्त मिळत राहतं. अमेरिकेतल्या विल्यम बेल यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून हे सिद्ध केलं, तेव्हा कुठे सर्जनांच्या मनातली भीती गेली.

खालच्या जबड्याची युक्ती आणखी बारीक आहे. ह्यूगो ओब्वेगेसर आणि रिचर्ड ट्राउनर यांनी ती १९५७ मध्ये जगापुढे मांडली. जबडा आरपार तोडायचा नाही. मागच्या भागात त्याचे आतला आणि बाहेरचा असे दोन पापुद्रे सोडवायचे. मग दातांचा भाग काडेपेटीच्या खणासारखा पुढे-मागे सरकतो, आणि तरीही हाडाला हाड रुंद टेकलेलं राहतं, म्हणून ते सांधतं. काप तोंडाच्या आतून घेतात, त्यामुळे चेहऱ्यावर सहसा व्रण राहत नाही. पूर्वी वरचा-खालचा जबडा सुमारे सहा आठवडे तारेनं बांधून ठेवावा लागे. आता टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या ते काम करतात. मात्र खालच्या ओठाला संवेदना देणारी नस याच हाडाच्या पोटातून जाते. ऑपरेशननंतर ओठ आणि हनुवटी बधिर होणं नेहमीचं आहे. बहुतेकांची संवेदना काही महिन्यांत परतते, काहींची पूर्ण परतत नाही. हे न विचारता, आपणहून सांगणारा डॉक्टर मला भरवशाचा वाटतो.

ऑपरेशन काही तासांचं असतं, उपचार मात्र दोन-अडीच वर्षं चालू शकतात. हाड चुकीच्या जागी असलं की दात वर्षानुवर्षं कलून ती चूक झाकत असतात. ऑर्थोडॉन्टिस्ट आधी तारेनं ते दात आपापल्या हाडावर सरळ उभे करतो. परिणामी वर्षभर व्यंग कमी होण्याऐवजी जास्तच दिसू लागतं, आणि घरात कुजबुज सुरू होते, की डॉक्टरांनी बिघडवलं. वास्तविक ही पायरी नीट झाली, तरच सर्जनला हाड पुरेसं सरकवता येतं. चेहऱ्यात सर्वांत शेवटी वाढ थांबते ती खालच्या जबड्याची, मुलांमध्ये बऱ्याचदा अठराव्या वर्षानंतर. काही महिन्यांच्या अंतरानं काढलेले दोन एक्स-रे जुळवून, वाढ थांबल्याची खात्री करूनच तारीख ठरवतात.

आता पुन्हा पाटीकडे. बी.डी.एस. इंटर्नशिप धरून पाच वर्षांचं, त्यापुढे एम.डी.एस. तीन वर्षांचं. पण एम.डी.एस.च्या नऊ शाखा आहेत. हिरड्यांच्या शाखेतले, कवळीच्या शाखेतले, लहान मुलांच्या दातांचे डॉक्टरही एम.डी.एस.च असतात. आपापल्या कामात ते उत्तम असतील. जबड्याचं हाड कापणं हे त्यांचं शिक्षण नव्हे. शाखा हवी ‘ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरी’. चेहऱ्याच्या हाडांचा अनुभव असलेले, प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. केलेले सर्जनही ही ऑपरेशनं करतात. दंतवैद्यकातली नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते, वैद्यकातली महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे. राज्यातल्या बहुसंख्य दंत महाविद्यालयांना पदवी देणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर १९९८ पासून आपल्या नाशकातच, म्हसरूळला आहे.

१७९४ साली लंडनच्या एका मासिकात पुण्याजवळच्या एका कारागिराची हकीकत छापून आली. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला त्यानं कपाळाच्या कातडीतून नवं नाक करून दिलं होतं. ती वाचून युरोपातले सर्जन हे तंत्र शिकले. त्या कारागिराचं नाव मात्र त्यात नव्हतं. कावसजीला भरवसा ठेवण्यापलीकडे काही तपासता आलं नसेल. आपल्याला येतं, म्हणून संकोच न करता विचारावं. अशी ऑपरेशनं वर्षाला किती करता? ऑर्थोडॉन्टिस्ट कोण, आणि तुम्ही दोघं मिळून आखणी करता का? या ऑपरेशनात भुलीची नळी नाकातून घालतात, कारण दात जुळतात की नाही हे टेबलावरच पाहावं लागतं. त्यात सरावलेले भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग तिथे आहे का? ऑपरेशन नाहीच केलं तर काय होईल? पंचवटीतल्या दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी तार लावणारा आणि जबड्याची शस्त्रक्रिया पाहणारा असे दोन्ही विभाग एकाच आवारात असतात. निदान पहिलं मत घ्यायला तिथे जावं.

आणि तार, मोजमाप, एक्स-रे यांतलं काहीही न होता पहिल्याच भेटीत कुणी ऑपरेशनची तारीख दिली, तर ती घेऊ नका. कागद परत मागून घ्या आणि दुसऱ्या सर्जनला दाखवा.