वाळवंटी शिखराची एक दिवसाची चढाई : निर्णय पायथ्याशीच का घ्यावा?

नवी दिल्ली : अमेरिकेच्या टेक्सास राज्यात शिक्षण व नोकरीनिमित्त राहणाऱ्या भारतीयांमध्ये सुटीच्या दिवशी गिर्यारोहणाला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांना खुणावणारे एक ठिकाण म्हणजे राज्यातील सर्वोच्च शिखर, ग्वाडलूप पीक. चिवावा वाळवंटातून उभे राहिलेले हे 2,667 मीटर उंचीचे शिखर एका दिवसात सर करून परतता येते. त्यासाठी दोर किंवा विशेष प्रशिक्षण लागत नाही. मात्र वाट सोपी दिसते म्हणून नियोजनही सोपे समजले, की अडचणींना सुरुवात होते.

चढ किती आणि कसा?

ग्वाडलूप मौंटन्स राष्ट्रीय उद्यानातील पाइन स्प्रिंग्ज येथून वाट सुरू होते. जाऊन-येऊन अंतर सुमारे 13.5 किलोमीटर, तर चढ सुमारे 914 मीटर आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटर उंच आहे. पाइन स्प्रिंग्जचा पायथाच त्याहून उंचावर आहे. समुद्रसपाटीजवळच्या ह्यूस्टनसारख्या शहरातून थेट येणाऱ्याला विरळ हवेमुळे नेहमीपेक्षा लवकर दम लागू शकतो.

पहिले अडीच किलोमीटर सर्वांत खडे आहेत. सावली जवळजवळ नाही आणि नागमोडी वळणांच्या दुतर्फा निवडुंग व घायपातीच्या कुळातील काटेरी झुडपे आहेत. त्यानंतर वाट डोंगराच्या उत्तर अंगाला वळते व पाइन वृक्षांची विरळ सावली मिळते. सुमारे पाच किलोमीटरवर समोर दिसणारा माथा हा शिखर नव्हे. तो ओलांडल्यावरही सुमारे दीड किलोमीटर वाट व शेवटचा खडा चढ शिल्लक असतो. अनेकांची शक्ती आणि पाणी नेमके याच टप्प्यावर कमी पडते.

वेळेचे गणित

डोंगरातील वेळेचा अंदाज बांधण्यासाठी स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये मांडलेला नियम आजही उपयोगी पडतो. सपाटीवर ताशी सुमारे पाच किलोमीटर हा वेग धरावा आणि दर 600 मीटर चढाईसाठी एक तास वाढवावा. या हिशेबाने ग्वाडलूपची केवळ चढाई सुमारे तीन तासांची ठरते. नियमात विश्रांती, ऊन, वारा व थकवा धरलेला नाही. त्यामुळे सर्वसाधारण व्यक्तीला संपूर्ण फेरीसाठी सहा ते आठ तास लागतात.

येथे आणखी एक मेख आहे. टेक्सासचा बहुतांश भाग एका कालविभागात असला, तरी हे उद्यान ‘माउंटन’ वेळ पाळते. डॅलस किंवा ह्यूस्टनहून येणाऱ्यांना घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते. डिसेंबरात येथे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. उतरण्यासाठी तीन तास आणि अनपेक्षित अडचणीसाठी एक तास राखून ठेवला, तर दुपारी एक वाजता जिथे असाल तिथून परत फिरणे भाग आहे. ही परतीची वेळ निघण्यापूर्वीच सर्वांनी मिळून ठरवावी. शिखर अर्ध्या तासावर दिसत असताना घेतलेला निर्णय बहुधा शिखराच्या बाजूने झुकतो. थकव्याने व तहानेने विचारशक्ती मंदावते, तेव्हा सकाळी शांतपणे ठरवलेली वेळच उपयोगी पडते.

पाणी : ओझे नव्हे, मर्यादा

सह्याद्रीत भटकणाऱ्याला पायथ्याच्या गावातील चहा, वाटेवरचे लिंबूसरबत किंवा गडावरील टाक्याचा भरवसा असतो. ग्वाडलूपच्या वाटेवर पाण्याची कोणतीही सोय नाही. उद्यानात इंधन वा खाद्यपदार्थ मिळत नाहीत. गाडीची टाकी व शिदोरी आधीच भरून घ्यावी लागते. प्रत्येकाने दिवसाला एक गॅलन, म्हणजे सुमारे 3.8 लिटर पाणी जवळ ठेवावे, असा उद्यान प्रशासनाचा सल्ला आहे. या पाण्याचे पाठीवरचे वजनच जवळजवळ चार किलो भरते. तरीही ते कमी करून चालत नाही.

मुंबई किंवा कोकणातील दमट हवेत अंग घामाने निथळते आणि तहानेची जाणीव होते. वाळवंटाच्या कोरड्या हवेत घाम क्षणात उडून जातो. त्वचा कोरडीच राहते आणि शरीरातील पाणी किती घटले, याचा पत्ता लागत नाही. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने घोट घ्यावेत. केवळ पाणीही पुरत नाही. घामावाटे गेलेले क्षार भरून न काढता भरपूर पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते. खारे शेंगदाणे, चिक्की, ओआरएसची पाकिटे सोबत असावीत. निम्मे पाणी संपले की, शिखर आले असो वा नसो, परतावे, हा साधा नियम पाळणे श्रेयस्कर.

ऊन, वारा आणि वीज

उन्हाळ्यात पहाटेच्या पहिल्या उजेडात निघून दुपारपूर्वी खाली येणे हिताचे. जुलै ते सप्टेंबर या काळात दुपारी वादळी ढग जमतात. शिखरावर 1958 मध्ये ‘अमेरिकन एअरलाइन्स’ने उभारलेला पोलादी पिरॅमिड आहे. विजा चमकत असताना तेथे थांबणे धोक्याचे ठरते. हिवाळा व वसंतात धोका वाऱ्याचा. झोतांचा वेग ताशी 100 किलोमीटरहून अधिक होतो आणि कड्यालगतच्या अरुंद वाटेवर तोल सांभाळणे कठीण जाते. आदल्या संध्याकाळी आणि निघताना पुन्हा हवामानाचा अंदाज पाहणे म्हणूनच अनिवार्य आहे.

डोकेदुखी, मळमळ, चालताना अडखळणे ही थांबण्याची सूचना मानावी. सोबती असंबद्ध बोलू लागल्यास ते उष्माघाताचे लक्षण असू शकते. अशा वेळी त्याला सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा आणि तातडीने मदत मागवावी. मोबाइलचे जाळे येथे भरवशाचे नाही. त्यामुळे कोणती वाट, किती माणसे, परतण्याची वेळ आणि त्या वेळेपर्यंत निरोप न आल्यास कोणाला कळवायचे, हे घरी लिहून ठेवावे. हेडटॉर्च, टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि घट्ट पकडीचे बूट ही सामग्री दिवसाच्या चढाईलाही आवश्यक आहे.

उतार म्हणजे निम्मे काम

शिखरावरून खाली ‘एल कॅपितान’चा भव्य कडा आणि पलीकडे पसरलेले वाळवंट दिसते. पायाखालचा चुनखडक हा सुमारे 26 ते 27 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातील प्रवाळसदृश भित्तीचा अवशेष असून, त्यात सागरी जिवांचे जीवाश्म आढळतात. एकेकाळी समुद्राखाली असलेल्या या जागी आज पाण्याचा थेंबही मिळत नाही.

या टप्प्यावर अंतर मात्र निम्मेच झालेले असते. दमलेले गुडघे, सुटे खडे आणि कलते ऊन यांमुळे पाय घसरण्याची शक्यता उतरताना अधिक असते. चढाई पूर्ण झाली असे म्हणता येते ते पाइन स्प्रिंग्जला परतल्यावरच. अर्ध्या वाटेवरून ठरल्या वेळी परतणाऱ्यासाठी शिखर पुढच्या सुटीतही तिथेच असते.